सोसायटीतलं जुनं झाड: माझी चूक, आणि त्यातून शिकलेलं सगळं

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, नोकरी बदलण्यावरही नाही. आज मी एका झाडाबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवातीलाच कबूल करतो, या गोष्टीत गुन्हेगार मीच आहे.

आमची सोसायटी पुण्यात, कोथरूडमध्ये. बिल्डिंग १९८४ ची. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला एक प्रचंड रेन ट्री आहे. मराठीत त्याला विलायती शिरीष म्हणतात, कारण मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतं, उन्हाळ्यात गुलाबी, पिसांसारखी फुलं येतात. तळमजल्यावरच्या आजी सांगतात, बिल्डिंगचा पाया खणला तेव्हाही हे झाड होतंच.

तर २०२१ मध्ये मी मॅनेजिंग कमिटीवर आलो. वर्क फ्रॉम होम चालू होतं, वेळ होता, आणि 'तरुण रक्त पाहिजे' म्हणून काकांनी मला ओढलं. माझा पहिला प्रोजेक्ट म्हणजे पार्किंग. पावसाळ्यात चिखल व्हायचा, गाड्या रुतायच्या. मी एक्सेल शीट केली, तीन कोटेशन्स मागवली, सगळ्यात स्वस्त कॉन्ट्रॅक्टर घेतला. त्याने जेसीबी आणून दीड फूट खणलं, खाली काँक्रीट टाकलं आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले, अगदी खोडाला भिडवून. खणताना मनगटाएवढी जाड मुळं तुटत होती. मी तिथेच उभा होतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, झाडाला काय होत नाही, मुख्य मूळ खोल असतं." मी मान डोलावली. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, तर चाळीस थम्ब्स-अप.

पहिलं वर्ष काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडची पानं विरळ झाली. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे. तिसऱ्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, पहाटे एक वाळलेली फांदी खाली आली. दोन स्कूटर चेपल्या. पेपर टाकणारा मुलगा दोन मिनिटांपूर्वी तिथूनच गेला होता. त्या दोन मिनिटांचा विचार अजूनही मनात येतो.

रविवारी तातडीची मीटिंग लागली. एकच मागणी, झाड तोडा. आणि खरं सांगू, मीही मनातून तयार होतो. फक्त एक गोष्ट खटकत होती. इतकी वर्षं उभं असलेलं झाड नेमकं माझ्या पार्किंगनंतरच का वाळायला लागलं? आपण बग शोधताना पहिला प्रश्न हाच विचारतो ना, शेवटचा बदल काय केला होता?

ओळखीतून एक वृक्षतज्ज्ञ ताई भेटल्या. त्या आल्या, खोडाभोवती फिरल्या, लाकडी हातोडीने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला. मग पेव्हर ब्लॉककडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कोणी केलं?" मी हात वर केला.

त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण माझ्यासारखे अनेक जण कमिटीवर असतील.

मुळं खूप खोल असतात, हा आपला गैरसमज. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि झाडाच्या सावलीच्याही बाहेरपर्यंत पसरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. वर काँक्रीट आलं की दोन्ही बंद. पण मोठ्या झाडाच्या खोडात, फांद्यांत साठवलेलं अन्न असतं. त्यावर ते दोन-तीन वर्षं काढतं, आणि म्हणूनच झाड मरायला लागतं तेव्हा कॉन्ट्रॅक्टर कधीच बिल घेऊन गेलेला असतो.

एक सोपा हिशोब लिहून घ्या. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळा. जो घेर येईल त्याला ३.१४ ने भागा, म्हणजे खोडाची जाडी मिळेल. जितके इंच जाडी, तितके फूट चारही बाजूंनी खणायचं नाही, हा ढोबळ नियम. आमच्या झाडाचा घेर दहा फूट, म्हणजे १२० इंच. जाडी साधारण ३८ इंच. म्हणजे चारी बाजूंना ३८ फूट! मी खोडापासून शून्य फुटांवर खणलं होतं.

शहरात ३८ फूट कुठून आणायचे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण जितके देता येतील तितके द्यायचे. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे अगदी किमान.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. झाड आपल्या आवारात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि या कायद्यात 'तोडणे' याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. पण पन्नास रोपं लावली म्हणून उद्या सकाळी आजींच्या खिडकीवर सावली येणार नाही, हे आपल्याला कळतंच.

मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. आधी माफी मागितली. एक काका भडकले, "उद्या कोणाच्या डोक्यात फांदी पडली तर जबाबदारी तू घेणार का?" प्रश्न चुकीचा नव्हता. झाड वाचवायचं म्हणजे धोक्याकडे डोळेझाक करायची, असं नाही. म्हणून ठरलं, आधी वाळलेल्या फांद्या काढायच्या, मग मुळं मोकळी करायची, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी तपासणी. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे फोटोंसह अर्ज केला, पाहणी झाली, छाटणीची परवानगी मिळाली.

छाटणीतही शिकण्यासारखं बरंच होतं. नेहमीचा छाटणीवाला काय करतो? शेंडाच उडवतो, झाडाचा खांब करून ठेवतो. मग त्या जागी भराभर नवे फुटवे येतात, पण त्यांची पकड कमजोर, आणि पुढे तेच मोडून पडतात. योग्य पद्धत अशी: फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, ते कडं कापायचं नाही. मोठी फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खालून, थोडासाच, खोडापासून फूटभर लांब. दुसरा वरून, त्याच्या थोडं बाहेर, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, कड्याच्या बाहेरून. कापलेल्या जागी डांबर, ऑइलपेंट काही लावायचं नाही. झाड स्वतःच ती जखम आतून बंद करतं. ढोलीत सिमेंट भरायचं नाही. आणि हो, छाटणीच्या आधी घरटी बघायची.

मग पेव्हर ब्लॉक. या वेळी जेसीबी नाही, छिन्नी-हातोडा. तीन पार्किंग सोडाव्या लागल्या, त्यातली एक माझी. जमीन हलक्या हाताने सैल केली, कंपोस्ट घातलं, वर तीन-चार इंच पालापाचोळा पसरला. खोडापासून मात्र वीतभर लांब, कारण ओला पाचोळा सालीला चिकटला की साल कुजते. आमच्याकडे पूर्वी हाच पाचोळा जाळायचो! उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश, भरपूर पाणी, तेही बुंध्यात न ओतता लांब, पसरून.

आता तुम्ही विचाराल, झाड वाचलं का? गेल्या वर्षी एका बाजूला नवी पालवी चांगली आली. दुसरी बाजू, जिकडची मुळं तुटली होती, अजून विरळच आहे. ताई म्हणाल्या, "पाच वर्षं बघा, मग बोलू." त्या बाजूखाली आम्ही गाडी लावत नाही, मुलांना खेळू देत नाही.

जाता जाता एक काम देतो. आज घरी गेलात की तुमच्या आवारातल्या सगळ्यात जुन्या झाडाला एक चक्कर मारा. खोडाला काँक्रीट भिडलंय का? दिवाळीची लाइटिंगची तार अजून गुंडाळलेली आहे का, सालीत रुततेय का? खिळे? बुंध्याशी अळंबीसारखं काही उगवलंय का? एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसते का, शेंडा वाळतोय का? शेवटच्या तीनपैकी काहीही दिसलं तर स्वतः कुऱ्हाड किंवा औषध घेऊन धावू नका. फोटो काढा, जाणकार माणसाला दाखवा, उद्यान विभागाला कळवा. आणि सोसायटीत खोदकामाचं कोटेशन आलं, तर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, झाडापासून किती फुटांवर?

मी तो विचारला नव्हता.

चला, तुमच्या झाडाचा घेर किती भरला ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, झाडांचीही!