रंग उचलून घेणारा चित्रकार



चित्र काढणं म्हटलं की रंग लावणारा हात डोळ्यांपुढे येतो. आज मी तुमच्याशी वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी बोलणार आहे. रंग लावण्याइतकंच लावलेला रंग काढून घेण्याला त्यांच्या कामात मोल होतं.

ते कसं, हे जरा जवळून पाहू. समोर उभा, मोठा कॅनव्हास आहे. त्यावर तैलरंगाचे पातळ थर चढतात. त्यासाठी ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांचाच वापर अधिक. मग ओल्या रंगावर फाडलेल्या कागदाचे तुकडे ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि कागद उचलायचा. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर उघडा पडतो. एखाद्या आकाराची कड एका बाजूला ठसठशीत राहते, दुसऱ्या बाजूला ती आसपासच्या रंगात विरून जाते. त्यांच्या चित्रांत आतून उजेड फाकल्यासारखा वाटतो, तो या उघड्या पडलेल्या थरांतून.

कागद उचलल्यावर नेमकं काय उमटेल, हे पूर्णपणे कुणाच्याच हातात नसतं. पण उमटलेल्यातलं काय ठेवायचं, कशावर पुन्हा थर चढवायचा आणि कुठे थांबायचं, हा निर्णय चित्रकाराचाच असतो. तो निर्णय अचूक यावा म्हणून गायतोंडे आधी खूप वेळ घेत. दिवसचे दिवस नुसते बसून असत, मनात चित्र मुरू देत. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. त्यांचं हे बसून राहणं पाहणाऱ्याला रिकामपण वाटलं असेल, पण चित्राचं निम्मं काम तिथेच होत होतं.

काढून टाकण्याची ही रीत त्यांच्या साऱ्या वाटचालीत दिसते. जन्म 1924 चा, नागपूरचा. कुटुंब मूळ गोव्याचं. लहानपण मुंबईत, गिरगावातल्या चाळीत गेलं. सर ज. जी. कलाशाळेतून 1948 मध्ये त्यांनी पदविका घेतली. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, भारतीय लघुचित्रांतून आलेली डौलदार रेषा आहे. पुढे पॉल क्लेच्या चित्रांचा त्यांनी मन लावून अभ्यास केला. 1957 मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळालं. नाव होत असतानाच, 1950 चं दशक सरता सरता, त्यांच्या चित्रांतून माणसं गेली आणि ओळखीच्या वस्तूही गेल्या. चित्रांना वर्णन करणारी नावं देणंही जवळपास थांबलं. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला जाऊन आले आणि 1972 मध्ये मुंबई सोडून दिल्लीत राहायला गेले. तिथे त्यांनी गाठीभेटीही कमी केल्या.

1984 मध्ये अपघात झाला. मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहून काम करणं काही वर्षं अशक्य झालं. मग त्यांनी लहान कागद आणि शाई घेतली. आता रंगही गेला होता. पांढऱ्या कागदावर काळ्या खुणा, एवढंच उरलं. तरी ती रेखनं पाहताना काही उणं आहे असं वाटत नाही. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. 2001 मध्ये ते गेले.

2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक किंमत आली आणि त्या आकड्याची खूप चर्चा झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ती घटना मला मोलाची वाटते, कारण तिथे त्यांची कामाची पद्धत आणि जगण्याची पद्धत एकत्र पाहिली गेली.

चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, गाणाऱ्या तरुणांना माझं एक सांगणं आहे. काम पुरं होत आलं की त्यातला सगळ्यात सफाईदार भाग आधी तपासा. हाताची सवय तिथेच लपून बसते. गायतोंड्यांना रेषा उत्तम साधली होती, माणसं हुकमी काढता येत होती. जे जमत नाही ते कुणीही सोडतं. त्यांनी जमलेलं सोडलं, आणि म्हणूनच पुढची चित्रं त्यांना सापडली.