उत्तुंग

उंची दाखविणाऱ्या विशेषणांची मराठींत वाण नाहीं. पण ‘उत्तुंग’ या शब्दाइतकी ओढाताण त्यांतील दुसऱ्या कोणाची क्वचितच झाली असेल. शब्द संस्कृताचा. ‘तुंग’ म्हणजे उंच. त्याच्या आधीं वरची दिशा दाखविणारा ‘उद्’ हा उपसर्ग लागला आणि ‘उत्तुंग’ सिद्ध झाला. फलकांवर कित्येकदां ‘उतुंग’ असें एका ‘त’चें रूप दिसतें, तें अशुद्ध, उपसर्गच गिळला कीं वर जाणें राहिलें कोठें? नुसता ‘तुंग’ बोलींत उरला नाहीं; पवन मावळांतील तुंग किल्ल्यानें तेवढा तो नांवांत जपला आहे.

‘उंच’ आणि ‘उत्तुंग’ यांत खरा भेद मापाचा आहे. भिंत दहा फूट उंच असते. दहा फूट उत्तुंग असत नाहीं. शिडी उंच, ताड उंच, मागच्या बाकावरचा मुलगाहि उंच. (उंची अत्तराची गोष्ट निराळी; ती उंची नाकानें आणि खिशानें मोजतात.) मोजण्याचें भान सुटून मान आपोआप वर होते तेथें ‘उत्तुंग’ यावें. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हें भूगोलाचें वाक्य. पायथ्याच्या बारी गांवांतून पाहणारा त्यालाच उत्तुंग म्हणेल. दोघेहि खरेंच बोलतात.

माणसाच्या बाबतींत हा शब्द कर्तृत्वाला लागतो, देहाला नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रम येथें शुकदास महाराजांनीं १९६५ सालीं विवेकानंद आश्रम स्थापिला. १८९३ सालीं शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेंत उभ्या राहिलेल्या विवेकानंदांस तेथील एखाद्या वक्त्यानें ‘उत्तुंग’ म्हटलें, तर शब्द जागीं बसला. पण कोणत्याहि व्यासपीठावर त्याच श्वासांत स्वागताध्यक्ष उत्तुंग, पाहुणे उत्तुंग आणि आभार मानणारेहि उत्तुंग झाले, कीं सगळ्या शिखरांचें मिळून एक पठार होतें!

याच आश्रमांत विवेकानंद जयंतीच्या उत्सवांत महाप्रसादाची पंगत बसते. हजारों माणसें उघड्या शेतांत रांगेनें बसून पुरी आणि वांग्याची भाजी खातात. तिला उत्तुंग म्हणूं नये. ती आडवी पसरते, म्हणून भव्य म्हणावी, विशाल म्हणावी. ज्या कल्पनेंतून ती बसते, तिच्यासाठीं ‘उदात्त’ हा शब्द आहे. मुळांत तें वेदपठणांतील चढ्या स्वराचें नांव.