खानेसुमारीचा रकाना आणि आपली जात
(कारधा येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



धानाचीं कामें बाजूस ठेवून, माग थांबवून आपण इतक्या संख्येनें येथें आलांत. मी आपणांस पोथी सांगावयास आलेलों नाहीं. एका कागदाविषयीं दोन शब्द बोलावयास आलों आहें. तो कागद म्हणजे खानेसुमारीचा, शिरगणतीचा तक्ता.

३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें ठरविलें कीं, येत्या खानेसुमारींत प्रत्येकाची जात लिहावयाची. १६ जून २०२५ रोजीं तिची अधिसूचना निघाली व आपल्या प्रांतापुरती १ मार्च २०२७ ही मोजणीची तारीख ठरली. साऱ्या जातींची मोजदाद होऊन तिचे आंकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ सालीं. म्हणजे शहाण्णव वर्षांनीं तुमच्या दारांत माणूस येऊन विचारणार आहे, ‘तुमची जात कोणती?’ प्रश्न तीन शब्दांचा आहे. पण त्याच्या उत्तरावर तुमच्या नातवांच्या शाळेच्या, नोकरीच्या आणि पंचायतींतल्या जागेच्या गोष्टी ठरणार आहेत. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

आपलें गांव वैनगंगेच्या कांठीं आहे. पावसाळ्यांत नदी फुगली म्हणजे साऱ्या जिल्ह्याचे डोळे कारध्याच्या पुलाकडे लागतात. येथें पाणी किती चढलें यावरून खालच्या गांवांनीं घरें सोडावयाचीं कीं नाहीं हें ठरतें. आतां समजा, मोजणाऱ्यानें पट्टी न पाहतां अंदाजानें आंकडा लिहून दिला. पाणी कांहीं त्या आंकड्याच्या हुकुमांत वागणार नाहीं. परंतु त्या आंकड्यावर विसंबलेलीं माणसें मात्र बुडतील. खानेसुमारीचेंहि असेंच आहे. रकान्यांत चूक लिहिल्यानें तुम्ही बदलत नाहीं, पण त्या रकान्यावर विसंबून जे कायदे होतात ते तुमच्या घरावर येऊन आदळतात.

हा रकाना प्रथम कोणीं आंखला? इंग्रज सरकारनें १८७१-७२ सालीं पहिली खानेसुमारी केली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनीं साऱ्या देशांत एकाच वेळीं होऊं लागली. साहेबाला येथील जाती ठाऊक नव्हत्या. त्या त्याला कोणीं सांगितल्या? लेखणी ज्यांच्या हातीं होती त्यांनीं! १९०१ सालीं रिस्ले साहेब खानेसुमारीचे कमिशनर होते. त्यांनीं जाती नुसत्या मोजल्या नाहींत. त्यांची उंच-नीच अशी उतरंड लावावयास सांगितलें. कसोट्या काय? ब्राह्मण कोणाच्या हातचें पाणी घेतो, कोणाच्या घरीं भिक्षुकी करतो, अशा. धान्य कोण पिकवितो, कापड कोण विणतो, भांडीं कोण घडवितो, हें विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं. जी उतरंड गांवच्या रूढींत होती तिच्यावर आतां सरकारी शिक्का बसला.

आणि आपण काय केलें? येथें आपल्या पदरचा दोषहि सांगितला पाहिजे. उतरंड लागली असें कळतांच गांवोगांव जातींच्या सभा भरूं लागल्या. ‘आम्हांस क्षत्रिय लिहा, आम्हांस वैश्य लिहा,’ असे अर्ज सुटले. १९११ सालीं एकट्या बंगालच्या कचेरींत आलेल्या अशा अर्जांचें वजन दीड मण भरलें! आपल्याकडेहि तोच रोग होता. ज्या हातांनीं नांगर धरला त्याच हातांनीं वंशावळी लिहवून घेतल्या आणि त्या लिहिणाऱ्यास दक्षिणाहि दिली. बंधूंनो, उतरंडींतलें एक मडकें वर चढलें म्हणून उतरंड मोडत नाहीं. तें वर राहावें म्हणून त्याच्या खालीं दुसरें मडकें ठेवावेंच लागतें. १८७३ सालीं जोतीरावांनीं सत्यशोधक समाज काढला तो वरचें मडकें होण्यासाठीं काढला नव्हता.

आतां आपल्याच मुलखांतली एक गोष्ट सांगतों. ती नीट ऐका, कारण तींत या कागदाची सारी करामत आहे.

आखरावर गांवचीं ढोरें गोळा करून रानांत नेणारा गोवारी आपण सर्वांनीं पाहिला आहे. दिवाळींत गायगोधनाच्या वेळीं त्याची ढाल निघते, तीहि पाहिली आहे. १९०१ सालीं मध्यप्रांताच्या खानेसुमारीवर रसेल नांवाचे साहेब मुख्य होते. त्या मोजणींत ‘गोवारी’ ही एक नोंद होती आणि ‘गोंड गोवारी’ ही दुसरी. गोंड गोवारी सुमारे ३,००० भरले, बहुतेक नागपूर व चांदा या जिल्ह्यांत. १९११ ची मोजणी आली, आणि गोंड गोवारी हे गोवारींतच मिळविले गेले! रसेल साहेब व रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर १९१६ सालीं चार भागांचा ग्रंथ छापला, त्यांत हें नमूद आहे. दहा वर्षांत तीन हजार माणसें कोठें गेलीं? तीं पटकीनें मेलीं नाहींत, मुलूख सोडून गेलीं नाहींत. कचेरींतल्या कागदावर दोन रकान्यांचा एक रकाना झाला, एवढेंच. माणसें होतीं तेथेंच ढोरें राखीत होतीं. आपण कोणत्या रकान्यांत बसलों याची त्यांना वार्ताहि नसेल.

पुढें स्वराज्य आलें, घटना आली. १९५६ सालच्या हुकुमानें अनुसूचित जमातींच्या यादींत ‘गोंड गोवारी’ असें नांव घातलें गेलें. गोवारी म्हणाले, ‘हे आम्हीच.’ सरकारी कागद म्हणाला, ‘तुमच्या दाखल्यावर नुसतें गोवारी आहे, गोंड कोठें आहे?’ एका शब्दापायीं वाद पेटला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं नागपुरांत विधिमंडळाचें अधिवेशन चालू असतां हजारों गोवारी बायकापोरांसह आपलें गाऱ्हाणें घेऊन गेले. पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका व लेंकरें फार. आज नागपुरांत त्यांचें स्मारक आहे, एका उड्डाणपुलास त्यांचें नांव आहे. दगडावर नांव कोरलें गेलें. ज्या कागदावर तें लागावें म्हणून तीं माणसें गेलीं होतीं, त्यावर तें अजून लागलेलें नाहीं.

१९९५ सालीं विशेष मागास प्रवर्ग काढून त्यांत त्यांना घातलें. इतर कित्येक जातींसह सर्वांना मिळून दोन टक्के! मग दावे चालले. १४ ऑगस्ट २०१८ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें गोवारींच्या बाजूनें निकाल दिला. गोंड गोवारी ही वेगळी जमात १९११ च्या पूर्वींच लोपली होती, म्हणून यादींतलें तें नांव गोवारींचेंच समजावें, असा त्याचा आशय होता. पाहा, १९११ चा रकाना १०७ वर्षांनीं पुन्हां जागा झाला! परंतु १८ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. गोवारी वेगळे, गोंड गोवारी वेगळे. आणि घटनेच्या ३४२ व्या कलमाखालील यादींत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा, न्यायालयाचा नव्हे, असें ठरलें. मधल्या काळांत ज्यांना शाळाकॉलेजांत प्रवेश व नोकऱ्या मिळाल्या तेवढ्या राहिल्या. बाकीच्यांचें दार मिटलें.

मी या वादाचा निवाडा करावयास उभा नाहीं. गोंड बांधवांचीहि बाजू आहे. भाकरी तेवढीच आणि वांटेकरी वाढले तर आमच्या वांट्यास काय, ही त्यांची भीति खोटी नाहीं. परंतु मला आपल्या ध्यानांत हें आणून द्यावयाचें आहे कीं, गोंड आणि गोवारी, दोघेहि रानांतले गरीब लोक. दोघांमध्यें भांडण लावलें कोणीं? रकाने आंखणाऱ्यानें लावलें, आणि तो आतां दोघांच्याहि हातीं लागण्यासारखा नाहीं.

अशीं आणखी उदाहरणें आहेत. आपल्या भागांतील कोष्टी ‘आम्ही हलबा’ असें म्हणत आले. २८ नोव्हेंबर २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ‘यादींत हलबा आहे, हलबा कोष्टी नाहीं’ असें सांगून तो दावा नाकारला. माना बांधवांचें उलट झालें. त्यांना गोंडांची पोटशाखा ठरविलें जात होतें. २००६ सालीं त्याच न्यायालयानें माना ही स्वतंत्र जमात मानली. मुलूख एक, यादी एक. कोणी एका शब्दानें तरला, कोणी एका शब्दानें बुडाला.

रकान्याचा आणखी एक खेळ पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत बाबासाहेबांच्या मागें लाखों महार बांधवांनीं बौद्ध धम्म घेतला. १९६१ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत बौद्ध म्हणून जवळजवळ अठ्ठावीस लाख लोक नोंदले गेले. ती स्वाभिमानाची नोंद होती. परंतु त्या वेळच्या नियमानें बौद्ध लिहिणारा अनुसूचित जातींत धरला जात नसे. १९९० सालीं कायदा बदलला. परिणाम काय? या राज्यांत अनुसूचित जातींचें प्रमाण १९८१ सालीं शेंकडा ७ च्या आसपास होतें, तें १९९१ सालीं ११ वर गेलें. लोक कांहीं दहा वर्षांत इतके वाढले नव्हते. जे वस्तींत होते तेच कागदावर आले. तोंपर्यंत तीस वर्षें त्यांना खरें बोलण्याचा दंड भरावा लागला.

आतां कित्येक सुशिक्षित म्हणतात, ‘जात मोजली तर जात वाढेल.’ मी त्यांना विचारतों, १९३१ नंतर जात मोजणें बंद झालें, मग जात गेली काय? लग्नाच्या सोयरिकींतून गेली? देवळाच्या पौरोहित्यांतून गेली? गांवच्या मसणवटींतून तरी गेली? घरीं रोगी असतां ताप मोजूं नये म्हणणारा वैद्य तुम्हीं कोठें पाहिला आहे? खरी गोष्ट ही कीं, मोजल्यानें हिशेब उघडा पडतो. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें कीं, सरकारचा वसूल रयतेच्या घामाचा आणि त्यांतून शिक्षण मात्र वरच्या वर्गांस. १९०२ सालीं शाहू महाराजांनीं करवीर दरबारच्या नोकऱ्यांत शेंकडा पन्नास जागा मागासलेल्यांस राखल्या. कोण किती आणि कोणाला किती, हा प्रश्न मोजल्यावांचून सुटत नाहीं. मंडल आयोगानें १९८० सालीं अहवाल दिला, तेव्हां त्यालाहि १९३१ चेच जुने आंकडे चाळावे लागले. आजोबाच्या अंगरख्याच्या मापानें नातवाची बंडी शिवावी, तसा हा प्रकार!

मात्र नुसती मोजणी करून भागत नाहीं. ती नीट व्हावी लागते. २०११ सालीं सामाजिक-आर्थिक पाहणींत जात विचारली होती. सरकारनेंच २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें कीं, १९३१ सालीं देशांत ४,१४७ जाती होत्या आणि २०११ च्या पाहणींत नांवें निघालीं ४६ लाखांवर! एकट्या महाराष्ट्रांत सव्वाचार लाखांवर, जेथें सरकारी याद्यांत पांचशेहि जाती नाहींत. कोणीं आडनांव सांगितलें, कोणीं कुळी, कोणीं पोटजात. लिहिणाऱ्यानें जसें ऐकूं आलें तसें लिहिलें. आंकडे निरुपयोगी म्हणून बासनांत गेले. यांत सरकारची हयगय आहेच, पण आपलाहि गाफीलपणा आहे.

म्हणून चार गोष्टी सांगून संपवितों.

पहिली. दारीं आलेल्या गणकास घाईनें वाटेस लावूं नका. जात सांगतांना आडनांव सांगूं नका, प्रौढीचें नांवहि सांगूं नका. यादींत जें नांव आहे आणि घरच्या जुन्या कागदांत जें आहे, तें स्पष्ट सांगा. त्यानें काय लिहिलें तें वाचून दाखवावयास लावा. ‘तुमची जात मला ठाऊक आहे’ असें तो म्हणाला तर त्याला नम्रपणें पण ठामपणें सांगा, ‘मी सांगतों तेंच लिहा.’

दुसरी. घरधनी शेतावर असेल, तर उत्तर माउलीला द्यावें लागेल. आज घरीं गेल्यावर सूनबाईला, लेकीला हें सारें सांगा. आणि रोवणीला जाणारी, विड्या वळणारी बाई ‘कांहीं काम करीत नाहीं’ असें कोणीं लिहूं देऊं नका.

तिसरी. ही नोंद म्हणजे जातीचा दाखला नव्हे. १९४८ च्या कायद्याप्रमाणें खानेसुमारींतील घरोघरची माहिती गुप्त असते. ती पुरावा म्हणून दाखवितां येत नाहीं. दाखल्यासाठीं जुने कागद लागतात. अनुसूचित जाती-जमातींस १९५० पूर्वींचे, विमुक्त-भटक्यांस १९६१ पूर्वींचे, इतर मागासांस १९६७ पूर्वींचे. आजोबांच्या शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकांतली जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद, यांच्या नकला आजच काढून ठेवा. वाळवी लागल्यावर तहसिलींत खेटे घालून उपयोग नाहीं.

चवथी आणि शेवटची. आपापली संख्या फुगवून शेजाऱ्यावर कुरघोडी करावयाची असेल, तर ही सारी यातायात व्यर्थ आहे. कुणबी, तेली, पोवार, कोहळी, ढिवर, कोष्टी, कलार, गोवारी, गोंड, बौद्ध, सर्वांनीं आपला खरा आंकडा सांगावा आणि मग एकत्र बसून वांटणीचा हिशेब मागावा. जात मोजावयाची ती पुजण्यासाठीं नव्हे, तिनें कोणाचें किती खाल्लें हें कळावें म्हणून.

पुराच्या रात्रीं पुलावर उभा असलेला मनुष्य पट्टी नीट वाचतो, तेव्हां न पाहिलेल्या गांवांचे जीव वांचतात. तसा एक रकाना आपल्या दारांत येत आहे. तो नीट लिहवून घ्या.