वकिलीची नीती आणि 'कोर्ट' चित्रपट



व्यावसायिक नीतीचा पेपर पाठ करून सुटता येते. म्हणून निगडीच्या या सभेत आम्ही सिनेमाविषयी बोलणार आहोत. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात शाहीर नारायण कांबळे साकारले ते आपल्या चळवळीतले दिवंगत वीरा साथीदार यांनी. गटारात उतरलेला सफाई कामगार मरतो. शाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा खटला उभा राहतो. कामगाराची पत्नी साक्षीत सांगते, संरक्षणाची साधनेच नव्हती. झुरळ दिसले की आत हवा आहे, असे तो समजे.

आता सरकारी वकील नूतनबाई पाहा. दुष्ट मुळीच नाहीत. लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. आपल्या शेजारच्याच म्हणा ना! पण ती साक्ष त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, असे आम्हांस वाटते. निरपराध्यास शिक्षा होईल अशा रीतीने सरकारी वकिलाने खटला चालवू नये, निर्दोषत्वाचा पुरावा दडवू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. बाईंनी दडवले काहीच नाही. मग नियम मोडला काय?

विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहावा आणि त्या साक्षीनंतर नूतनबाईंच्या जागी आपण न्यायाधीशांपुढे काय बोललो असतो, ते पुढच्या रविवारी विहारात लिहून आणावे.