क्रोनचा रोग : भय औषधाचे आणि भय रोगाचे



मोगऱ्याच्या दिवसांत आतड्याच्या व्रणांवर बोलण्याचे आमच्या वाट्याला आले आहे. तेव्हा श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी १९३२ साली दोन सहकाऱ्यांसह या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. पण १९१३ मध्येच डॅल्झिएल या स्कॉटिश शस्त्रवैद्यांनी तो पाहिला होता. आतडे क्षयाने ग्रासल्यासारखे दिसते, परंतु क्षयाचे जंतू सापडत नाहीत, हे त्यांना जाणवले होते. तेच कोडे आपल्यापुढे आजही रोज उभे राहते. जालना-बीडकडचा एखादा तरुण पोटदुखी, जुलाब, बारीक ताप आणि घटलेले वजन घेऊन आपल्या घाटी रुग्णालयात येतो. दुर्बिणीतून पाहावे, तर लहान आतडे मोठ्याला मिळते तेथे व्रण! हा क्षय की क्रोन? पुष्कळदा आतड्याचा तुकडा तपासूनही निश्चित उत्तर मिळत नाही.

येथे चूक फार महाग पडते. क्षयाला क्रोन समजून स्टेरॉइड दिले, तर चार दिवस बरे वाटते आणि मग क्षय उसळतो. उलट क्रोनला क्षय समजून सहा महिने गोळ्या दिल्या, तर त्या यकृताला बाधू शकतात आणि तोवर आतडे आतून अरुंद होत जाते. संशय फिटत नसेल, तर बहुधा क्षयाची औषधे आधी देतात. आम्हांलाही तेच पटते. मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरत आहेत की नाहीत, हे पाहिलेच पाहिजे. नुसत्या 'बरे वाटते'वर विसंबू नये. रोगी नेमका याच तपासणीला कंटाळतो.

क्रोन ठरला, की औषधाचे भय सुरू होते. गंमत अशी की, स्टेरॉइडला रोगी सर्वांत कमी भितो, कारण ते स्वस्त असते आणि भूकही लागते. आम्हांला धास्ती त्याचीच. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. ते थोड्या महिन्यांचेच औषध आहे. पण तेही एकाएकी सोडू नये, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवावे.

अॅझाथायोप्रिनचे नाव निघाले, की घरचे लोक कर्करोग म्हणून दचकतात. दहा हजार माणसे वर्षभर ही गोळी घेत असतील, तर लसिकाग्रंथींचा कर्करोग होणारे दहाच्या आत निघतात. न घेणाऱ्यांतही दोन-तीन असतातच. खरा जवळचा धोका वेगळा आहे. आपल्याकडील काहींच्या रक्तात जन्मतःच असा गुण असतो, की या गोळीने पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. म्हणून पहिले दोन महिने वरचेवर रक्त तपासावे लागते. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने महाग असतात आणि ती झोपलेला क्षय जागा करतात. आधी छातीचा फोटो व क्षयाची तपासणी केल्याखेरीज ती घेऊ नयेत.

आणि काहीच न घेतल्यास? आतडे आवळते, नासूर होतात, शस्त्रक्रियेची पाळी येते. शस्त्रक्रियेने अडथळा निघतो, रोग निघत नाही. बहुधा जोडाशीच तो पुन्हा डोके वर काढतो, आणि बिडी ओढणाऱ्यांत अधिकच. घरातली मंडळी गोळीची जोखीम मोजतात, तेव्हा ही दुसरी बाजू तराजूत टाकायची राहून जाते. मुलीचे लग्न ठरले की गुपचूप गोळ्या बंद होतात. अॅझाथायोप्रिन गरोदरपणातही बहुधा चालू ठेवता येते, मेथोट्रेक्सेट मात्र मुळीच नाही. हे लग्नाच्या आधीच डॉक्टरांना विचारायचे असते.