काढून टाकण्यासाठी बांधलेलं



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील वाटचाल’ हा विषय दिला होता. जेवणाआधी तुम्हाला झोपवायचं नाही, म्हणून मी एका वास्तुविशारदाबद्दल बोलणार आहे. सर ह्यू कॅसन, जन्म १९१०. इमारती त्यांनी बांधल्याच, पण इंग्लंडमध्ये नाव झालं ते सोहळ्यांमुळे.

१९४८ साली, अडतिशीत, ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या वास्तुरचनेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जागा लंडनमधली, थेम्सच्या दक्षिण काठावरची. बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेली, आणि मधोमध रेल्वेचा पूल. पोलादाची टंचाई, मांस-साखर अजून रेशनवर. तारीख मात्र हलणार नव्हती: मे १९५१. इथल्या आयटीवाल्यांना पोटात गोळा आलाच असेल!

कॅसननी सगळं स्वतः रेखाटलं नाही. दालनं निरनिराळ्या, बऱ्याचशा तरुण वास्तुविशारदांना वाटून दिली. स्वतः सांभाळलं ते मधलं. माणूस कुठून शिरेल, कुठे वळेल, कुठे दोन पायऱ्या चढल्यावर एकदम नदी दिसेल. गर्दीला हाकायचं नाही, तिला आपणहून पुढे जावंसं वाटलं पाहिजे. आमच्याकडेही दोन भाग आपापल्या जागी ठणठणीत असतात आणि गाडी अडते ती त्यांच्या जोडावर. त्या जोडाची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. कॅसनना निदान १९५२ साली ‘सर’ किताब मिळाला.

पाच महिन्यांत तिथे सुमारे ८५ लाख लोक येऊन गेले. पॉवेल आणि मोया यांचा ‘स्कायलॉन’ हा जवळपास तीनशे फुटी सुळका तारांच्या आधाराने अधांतरी उभा होता. ब्रिटनसारखाच, आधार काही दिसत नाही, अशी लोक थट्टा करत. ऑक्टोबरमध्ये सरकार बदललं. चर्चिल आले आणि फेस्टिव्हल हॉल सोडून बहुतेक सगळं पाडलं गेलं. स्कायलॉन भंगारात गेला.

मला कुतूहल आहे ते यापुढचं. हाच माणूस १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टरचे रस्ते सजवायला पुन्हा उभा राहिला. म्हणजे आणखी एक काम, जे मिरवणूक गेली की उतरवायचंच होतं.

मी चार वर्षं खपून केलेली एक प्रणाली कंपनीने एका ओळीच्या ईमेलने बंद केली. वाईट वाटलं, अजून वाटतं. वीस वर्षांत लिहिलेल्या कोडपैकी आज चालू आहे ते मूठभर. कॅसनना माहीत होतं की आपलं काम उतरवलं जाणार आहे; मला ते कुणी सांगितलं नव्हतं. हा फरक मोठा आहे, असं मला वाटतं. आधी कळलं असतं, तर मी ते काम वेगळ्या मनाने केलं असतं. कमी मात्र केलं नसतं.

आपल्यातले जे शिक्षक झाले, मांडववाले झाले, बालवाडी चालवतात, त्यांना यावर माझ्यापेक्षा जास्त सांगता येईल. त्यांना जेवताना गाठणार आहे. पानं मांडून झालेली दिसतात, तेव्हा थांबते.