कंपनीचा दावा, आपली हजेरी

(कुवेतमध्ये महबूला इथल्या कॅम्पवर शुक्रवारच्या बैठकीत केलेलं भाषण)

जेवणं झालीत, एसी चालू आहे, कोणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही.

मागच्या शुक्रवारी दोघांनी विचारलं, "तुमची बहीण वकिलीत पुढचं कसलं शिकते? आमच्या पोरीलाही करायचंय." विषय आहे आंतरराष्ट्रीय व्यापार आणि गुंतवणूक कायदा. आधी एलएलबी, मग एलएलएम. सनद मिळते ती एलएलबीवर, एलएलएमवर नाही. तेव्हा "परदेशात एक वर्षाचा कोर्स, लगेच वकील" असं कोणी एजंट म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. मी स्वतः डिप्लोमावाला. मला यातलं जे कळतं ते तिच्या फोनमुळे. ती मला फायनल बिल, रिटेन्शन म्हणजे काय ते विचारते, मी तिला केस विचारतो.

तिच्या अभ्यासात एक केस आहे, सालिनी विरुद्ध मोरोक्को. इटलीच्या दोन बांधकाम कंपन्यांनी मोरोक्कोत रबात ते फेझ महामार्गाचा साधारण 50 किलोमीटरचा तुकडा बांधला. 32 महिन्यांचं काम 36 महिने चाललं आणि पुढे फायनल बिलावर वाद झाला. आपल्या धंद्यात रोजचंच! पण कंपन्या तिथल्या कोर्टात न जाता जागतिक बँकेच्या छत्राखालच्या वॉशिंग्टनच्या लवाद केंद्रात गेल्या आणि थेट देशावर दावा लावला. रस्ता बांधणं म्हणजे गुंतवणूक का, हा प्रश्न. 2001 साली लवादाने सांगितलं, हो, केस इथे चालेल. कंपन्यांनी काय गुंतवलं? तर ज्ञान, यंत्रसामग्री आणि माणसं.

माणसं! म्हणजे तुम्ही-आम्ही. रोलरच्या शेजारी आपण कंपनीच्या खात्यात जमा. बहिणीला ते वाक्य मी दोनदा वाचायला लावलं.

दुसरी केस आपल्या भारतावरची. व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी. कोल इंडियाविरुद्ध 2002 मध्ये तिच्या बाजूने निवाडा झाला, पण आपल्या कोर्टांत अंमलबजावणी नऊ वर्षं लोंबकळत राहिली. तिने भारत-ऑस्ट्रेलिया करार काढला. त्यात "दुसऱ्याला जास्त चांगलं द्याल तर तेवढंच आम्हालाही द्या" असं कलम होतं. ते धरून तिने भारत-कुवेत करारातलं, दाद मागण्याची परिणामकारक सोय देण्याचं कलम उसनं घेतलं आणि 2011 मध्ये जिंकली. भारताला सुमारे 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायची पाळी आली. नंतर 2016 च्या नमुना करारातून भारताने ते उसनवारीचं कलमच काढून टाकलं.

ज्या देशात आपण बसलोय त्याच्या कराराचं कलम ऑस्ट्रेलियाच्या कंपनीला कामी आलं. आपल्याला त्यातलं काही वापरता येत नाही. मजुरांबाबतचे सामंजस्य करार सरकार-सरकारमध्ये होतात, अडचण आली की त्यांच्या समित्या बसतात. मजुराने देशावर दावा लावायचं दार त्यात नसतं.

आता माझं सांगतो. आधीच्या एका साइटवर ड्रॉइंग वेळेत आली नाहीत, 19 दिवस काम बंद. कंपनीने मालकाकडे नुकसानभरपाई मागितली, त्यात "बसून राहिलेले मजूर, 46" अशी ओळ होती. तक्ता मी बनवला, सही माझी. त्या 19 दिवसांचा पगार त्या 46 जणांना मिळालाच नव्हता. मजुराचा दोष नसताना काम बंद राहिलं तरी पगार द्यायचा, हे इथल्या 2010 च्या कामगार कायद्यात आहे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आणि खरं बोलायचं तर मी शोधलंही नाही. तिघे एक्झिट करून गावी गेले. दीड वर्षाने त्यातल्या एकाचा फोन आला, "साहेब, तो कागद द्याल का?" कागद होता, पण करार संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. मुदत गेली होती.

म्हणून पोरीला हे शिकवायचं असेल तर जरूर शिकवा. त्या केसमध्ये कंपनीच्या बाजूचे वकील ढीगभर असतात. मजुरांची ओळ कोणी वाचत नाही.

पोरी वकील होईपर्यंतचं मात्र आपल्यालाच बघायचंय. तारीख, तास, साइट, काम बंद असेल तर का बंद, एवढं रोज लिहा. महिनाअखेर पानाचा फोटो घरी पाठवा. थकबाकी असेल तर एक्झिटच्या आधी मनुष्यबळ कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला शून म्हणतो तिथे, तक्रार द्या. कोर्टाआधी तिथेच जावं लागतं.

वह्या आणल्यात, दाराजवळ ठेवल्यात. पेन आपापलं.